पूर्वग्रहाला धक्का न लावता सलोखा कसा घडवावा

परवा एका सलोखा मेळाव्याला जाऊन आले. दारातच माझ्या साडीला एक रंगीत बिल्ला टोचण्यात आला. प्रत्येक समाजाचा रंग वेगळा, आणि त्या त्या रंगाच्या फिती लावलेल्या खुर्च्यांच्या रांगाही वेगळ्या. एकमेकांत मिसळायला बोलावलेली माणसं दुपारभर आपापल्या रांगेत बसून भाषणं ऐकत होती. शेवटी सगळ्यांनी हात उंचावून फोटो काढला, आणि आज मनामनांतल्या भिंती कोसळल्या असं माइकवरून जाहीर झालं. गंगेत घोडं न्हालं.

असे कार्यक्रम हल्ली फार होतात. तुम्हीही कधीतरी एखाद्या समितीत अडकणारच. तेव्हा आकसाला जराही ओरखडा न उठता मेळावा कसा पार पाडायचा, हे आत्ताच शिकून घ्या.

आधी गॉर्डन ऑलपोर्टचं नाव कुठे वाचलं असेल तर विसरा. हार्वर्डमधल्या या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली लिहून ठेवलं की माणसं नुसती जवळ आणून भागत नाही. त्या जागेपुरता तरी दोघांचा दर्जा सारखा हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज पडायला हवी आणि वरिष्ठांचा, नियमांचा त्याला पाठिंबा हवा. चार अटी! इथे हॉल मिळता मिळत नाही, आणि हे गृहस्थ अटी घालतायत.

दर्जाचं सोपं आहे. भाषणं आपण करायची, खुर्च्या त्यांनी लावायच्या. कुणी कुरकुर केलीच तर सांगा, "अहो, आमचा त्या लोकांशी रोजचा संबंध आहे, आमच्याकडे वर्षानुवर्षं कामाला आहेत."

एकत्र काम मात्र चुकूनही देऊ नका. १९५४ च्याच उन्हाळ्यात अमेरिकेत ओक्लाहोमामध्ये मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिबिरातल्या मुलांचे दोन गट पाडले आणि त्यांच्यात स्पर्धा लावल्या. शिव्यागाळी झाली, झेंडे जाळले गेले. मग समेटासाठी दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं, तर पोरांनी अन्न एकमेकांवर फेकलं. इथपर्यंत सगळं आपल्या मेळाव्यासारखंच. पण शेरीफना राहवेना. त्यांनी शिबिराचं पाणी बंद पडल्याचा बनाव रचला, खाणं आणणारा ट्रक बंद पाडला. ज्या दोराने रस्सीखेच खेळून मुलं एकमेकांची वैरी झाली होती, तोच दोर ट्रकला बांधून सगळ्यांनी मिळून ओढला. असे प्रसंग एकामागून एक आले आणि वैर ओसरत गेलं. तेव्हा तुमच्या कार्यक्रमात ट्रक बंद पडणार नाही, याची आधीच खात्री करून घ्या.

खेळ ठेवायचेच असतील तर संघ समाजवार पाडा. उत्तर प्रदेशात मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने क्रिकेटचे सामने भरवून पाहिले: वेगवेगळ्या जातींची पोरं एकाच संघात खेळली की जातीबाहेरच्या मैत्री वाढल्या, विरुद्ध संघांत खेळली की उलट परिणाम.

मेळावा वर्षातून एकदाच घ्या. दुसऱ्या भेटीत माणसं बोलायला लागतात.

आता सर्वांत खात्रीचा उपाय. समोरच्याची स्तुती करा. त्या मेळाव्यात एका टापटीप गृहस्थांनी माझा हात हातात घेऊन बराच वेळ सोडला नाही आणि अगदी गहिवरून म्हणाले, "खरं सांगू? तुम्ही त्यांच्यातल्या वाटतच नाही!" माझा समाज कोणता ते इथे सांगत नाही, सांगितला की तुम्हीही लगेच ठरवाल, मी त्यांच्यातली वाटते की नाही. गृहस्थांना मी अगदी मनापासून आवडले होते, शंकाच नाही. फक्त आवडून घ्यायच्या आधी त्यांनी मला माझ्या माणसांतून उचलून बाजूला काढलं. ऑलपोर्टने हेही टिपून ठेवलंय: कुंपणाचं फाटक एका माणसापुरतं उघडायचं, त्याला आत घ्यायचं आणि कडी परत लावायची. अशी पन्नास चांगली माणसं भेटली तर पन्नास अपवाद जमतात, नियम आहे तिथेच. आणि एखादा उद्धट भेटला तर? तो कधीच अपवाद नसतो. तेव्हा लगेच "हे लोक असेच!" चांगुलपणा माणसाच्या खात्यावर, उद्धटपणा सगळ्या समाजाच्या खात्यावर. ही कुठली हिशेबाची रीत? बार्लो या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की चांगल्या भेटींनी आकस जितका कमी होतो, त्याहून वाईट भेटींनी तो जास्त वाढतो. का नाही वाढणार? ह्यूस्टन आणि ब्राऊन हे मानसशास्त्रज्ञ १९८६ पासून सांगतायत की समोरचा कुठल्या समाजाचा आहे हे लक्षात ठेवून त्याच्याशी स्नेह झाला, तरच तो स्नेह बाकीच्यांपर्यंत पोचतो. म्हणजे मी त्यांच्यातलीच आहे, त्यांच्यातलीच वाटते, आणि तशीच आवडून घ्यायची तयारी नसेल तर साहेब, आधी माझा हात सोडा.

असो. मुद्दा काय, तर पूर्वग्रह टिकवणं वाटतं तितकं सोपं नाही. पेटिग्रू आणि ट्रॉप या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यास एकत्र तपासले, अडतीस देशांतले, अडीच लाखांवर माणसांचे. बहुतेक सगळीकडे संपर्काने आकस कमी झालेला दिसला. ऑलपोर्टच्या अटी पाळल्या तिथे जास्त, न पाळल्या तिथेही थोडाफार. तुम्ही तो थोडाफारही कमी होऊ दिला नाहीत, कौतुकच आहे!

आणि कौतुक कसलं, राग येतो. दिल्लीत २००७ पासून अनेक खासगी शाळांना गरीब घरची मुलं घेणं भाग पडलं. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने नंतर पाहिलं, तर त्यांच्याबरोबर शिकलेली सुखवस्तू मुलं जास्त उदार झाली होती, गरीब मुलांशी भेदभाव कमी करत होती. काही शाळांत अभ्यासाचे गट नुसते नावांच्या अक्षरक्रमाने पाडलेले. तेवढ्यावर कोण कुणाशेजारी बसणार हे ठरलं. ना पाहुणे, ना दीपप्रज्वलन. भाषण एकानेही ठोकलं नव्हतं.

तुम्हाला हे जमत नाही असं नाही, तुम्हाला ते नकोय. तुमच्या इमारतीत आमचं नाव ऐकल्यावर घर नुकतंच गेलेलं असतं. मुलाखतीत आमच्यापुरतं मनुष्यबळ पुरेसं असतं. तिथे बरोबरीने बसायची वेळ आली की तुम्हाला नियम आठवतात, सभासदांच्या भावना आठवतात. मग वर्षातून एक दुपार मांडव घालून आमच्याकडून टाळ्या वाजवून घेता आणि अहवालात 'उत्स्फूर्त प्रतिसाद' लिहून मोकळे होता. तुमच्या समितीत निर्णय घेणाऱ्यांत आमच्यातलं कोण आहे? एकही नाही, मी विचारलं होतं. उत्तर मिळालं, "पुढच्या वेळी नक्की बघू." बघू नका, बैठकीची तारीख कळवा. तारीख कळवायची नसेल तर निमंत्रणपत्रिकाही पाठवू नका.