वाचवलेल्या पाण्याचं बिल

पाण्याची आणि विजेची बिलं आमच्या घरात खालून वर वाचली जात. आधी एकूण रक्कम, मग भरायची शेवटची तारीख, की वाचन संपलं. वरच्या भागात बारीक अक्षरांत जे काही छापलेलं असतं, ते छापणाऱ्याच्या समाधानासाठी असावं, असा माझा समज होता. नवे दर लागू झाले आणि तो मजकूर भिंग घेऊन वाचायची पाळी आली.

त्याचं असं झालं की, दर बदलणार ही बातमी आली त्याच संध्याकाळी मी घरात बचतीचं धोरण जाहीर केलं. शॉवर बंद, बादली चालू. दात घासताना नळ बंद. मशीन पूर्ण भरल्याशिवाय कपडे धुवायचे नाहीत. बाबा म्हणाले, "अरे, मी जन्मभर बादलीतच अंघोळ करतोय, मला काय सांगतोस?" आणि त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. मुलीने शॉवरच्या मुद्द्यावर अबोला धरला. एवढा असंतोष अंगावर घेतल्यावर पाण्याचा वापर खरोखरच कमी झाला. आणि बिल वाढून आलं.

"गळती असेल कुठेतरी," बायको म्हणाली. शंका रास्त होती. नळातून सेकंदाला एक थेंब गळाला तरी दिवसाचे ८६,४०० थेंब होतात आणि मीटरला झोप नसते. तेव्हा रात्री घरातले सगळे नळ बंद केले, फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाकला आणि बॅटरी घेऊन खाली मीटरच्या खड्ड्याशी पालथा पडलो. मीटरच्या काचेवर आतून दव धरलेलं. बाहेरून अंगठ्याने पुसून काय होणार? तरी पुसलं. आकड्यांच्या शेजारी एक इवलीशी लाल चांदणी असते. पाण्याची धार करंगळीएवढी असली तरी ती फिरायला लागते. मी तिच्याकडे आणि ती माझ्याकडे, असे आम्ही बराच वेळ बघत राहिलो. जेवणानंतर फेऱ्या मारणारं एक जोडपं थांबलं. "काही पडलं का आत?" "नाही, काही फिरतंय का बघतोय," मी म्हणालो. ते पुढे गेले, पण जरा भरभर गेले.

चांदणी हलली नाही. वर येऊन पाहिलं तर टाकीतला रंगही भांड्यात उतरला नव्हता. म्हणजे गळती घरात नव्हती, बिलातच होती.

मग बिल वरून खाली वाचायला घेतलं. पहिली ओळ, स्थिर आकार. म्हणजे तुम्ही थेंबभर पाणी वापरा, नाहीतर कुलूप लावून गावाला जा, तो द्यायचाच. वाढ झाली होती ती मुख्यतः इथे. हजार लिटरचा दर जवळजवळ होता तिथेच होता. म्हणजे मी जिथे काटकसर केली तिथे दर वाढला नव्हता, आणि जिथे दर वाढला होता तिथे काटकसर चालत नव्हती.

या कल्पनेचं मूळ शोधलं तर ते बरंच जुनं निघालं. जॉन हॉपकिन्सन नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८९२ साली विजेच्या बाबतीत हे मांडलं. ग्राहक दिवा कधी लावेल याचा नेम नाही, पण त्यासाठी यंत्रं सदैव सज्ज ठेवावी लागतात, तेव्हा त्या सज्जतेचे पैसे वेगळे घ्यावेत. तर्कात खोट काढायला जागा नाही, हेच दुःख. मीही ऑफिसात दिवसभर सज्ज असतो. पगारवाढीच्या वेळी हा मुद्दा मांडून बघितला पाहिजे.

दुसरी ओळ मलनिस्सारणाची. आत आलेल्या पाण्याच्या हिशेबाने बाहेर जाणारं पाणी धरतात, कारण गटाराला मीटर नसतो. कुंड्यांना घातलेलं पाणी मातीत मुरतं, कपड्यांतलं उन्हात उडतं, पण कागदोपत्री ते सगळं बाथरूमच्या जाळीतून गेलेलं असतं. चहा पिऊन घाम आला तरी तो या हिशेबाने गटारातच!

खरी मौज मात्र तारखांत होती. नवे दर बिलाच्या मधल्याच एका तारखेपासून लागू झाले. त्या दिवशी मीटरचा आकडा टिपायला कोणीच येत नाही. मग करतात काय, तर एकूण वापर दिवसांवर सारखा वाटतात. आम्ही जुन्या दरात मनसोक्त नाहलो आणि नव्या दरात बादलीवर आलो. कागदावर मात्र निम्मी उधळपट्टी नव्या दरात सरकली आणि तेवढीच बचत जुन्या दरात जमा झाली. मुलीला हे समजावून सांगितलं. तिने अबोला सोडला, तो फक्त "मग शॉवर?" एवढं विचारण्यापुरता.

विजेच्या बिलाची कथा निराळी. तिथे टप्पे असतात, वापर वाढला की वरच्या युनिटांना वाढीव दर. दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट गेलं. त्यात रीडिंग घेणारा चार दिवस उशिरा आला आणि टप्पा दिवसांप्रमाणे वाढवून दिला नाही, तर उंबरठा ओलांडल्याचं पाप आपल्या माथी. शिवाय इंधनाच्या फरकाची वसुली, म्हणजे पूर्वीच वापरलेल्या विजेचे राहिलेले पैसे. आणि ही दोन्ही बिलं एकमेकांना ओळखतात. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. ते शंभर मीटर उंच चढवायला, पंपात वाया जाते ती सोडूनसुद्धा, पाव युनिटाहून थोडी जास्तच वीज लागते. वीज महागली की पाणी उपसणं महागतं. एकाची वाढ दुसऱ्याच्या दारातून पुन्हा आत येते.

शेवटी मी कार्यालयात गेलो. खिडकीमागच्या मॅडमनी बिल शांतपणे पाहिलं. "वापर कमी केलाय तुम्ही."

"हो ना!" मी छाती फुगवून म्हणालो.

"सगळ्यांनीच केलाय. त्यामुळे वसुली घटली. पाइप तेवढेच, कर्जाचे हप्ते तेवढेच, माणसं तेवढीच. मग स्थिर आकार वाढवावा लागतो."

"म्हणजे आम्ही वाचवलं म्हणून वाढलं?"

"असं लिहून देता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पुढचे या."

आमच्या शेजारच्यांचं बिल मी मुद्दाम मागून पाहिलं. हे गृहस्थ रोज पाइप लावून गाडी धुतात, नंतर गाडीखालची फरशी धुतात, आणि मग पाइपही धुतात. त्यांचा स्थिर आकार वाढला तो माझ्याइतकाच. "फार नाही हो वाढलं," ते म्हणाले. त्यांच्या मोठ्या बिलात ती वाढ नखाएवढी दिसत होती. माझ्या बारक्या बिलात तीच छातीवर बसली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे संन्याशाकडून दोराचेही पैसे घेतले होते.

शॉवर पुन्हा सुरू झालाय. बाबा बादलीवर ठाम आहेत. यंदाच्या बिलासोबत 'पाणी वाचवा' असं सांगणारं गुळगुळीत कागदाचं चाररंगी पत्रक आलंय, आणि त्याच्या छपाईचा खर्च कुठल्या रकान्यात बसवलाय, ते मी भिंगातून शोधतो आहे.