खाशाबा जाधवांच्या पदकाबद्दलचा खुलासा

'खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये भारताला पहिलं ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिलं' असा मेसेज फिरतोय. शाळेच्या भाषणांत आणि निबंधांतही तो जसाच्या तसा उतरतो. त्यात दोन चुका आहेत.

ऑलिम्पिकचा अधिकृत निकाल सांगतो: हेलसिंकी, फ्रीस्टाइल कुस्ती, बँटमवेट म्हणजे ५७ किलो गट. सुवर्ण जपानच्या शोहाची इशीला, रौप्य सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हला आणि कांस्य खाशाबांना.

'पहिलं' हेही अर्धवट. हॉकीचं सुवर्ण भारताने १९२८ लाच ॲमस्टरडॅमला जिंकलं होतं, स्वातंत्र्यानंतर १९४८ ला लंडनलाही. वैयक्तिक म्हणावं, तर १९०० मध्ये पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड यांची दोन रौप्यपदकं भारताच्या नावावर नोंदलेली आहेत. म्हणून 'स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक' असंच म्हणायचं. एक शब्द गाळला की वाक्य चुकलंच. पहिलं वैयक्तिक सुवर्ण थेट २००८ चं, अभिनव बिंद्राचं.

गोळेश्वरच्या या मल्लाचं मोठेपण कांस्याने तसूभरही कमी होत नाही. पुढचं वैयक्तिक पदक यायला १९९६ उजाडलं. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ग्रुपवर आला तर खाली हे टाका: 'खाशाबा जाधव, हेलसिंकी १९५२, कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.'