‘युव्हे निर्दोष सुटली’ म्हणणाऱ्या युव्हेवाल्यांना

पाच ओळींचा एक मजकूर आपल्या युव्हेवाल्यांमध्ये, म्हणजे इटलीच्या युव्हेंटस क्लबच्या चाहत्यांमध्ये, कितीतरी वर्षं फिरतोय. २०२३ मध्ये खेळाडूंच्या फुगवलेल्या किमतींच्या प्रकरणात क्लबचे १० पॉइंट कापले गेले, तेव्हा त्याला पुन्हा पालवी फुटली. कुणी ‘चोर’ म्हटलं की लगेच हा चिकटवायचा. मजकूर साधारण असा: २००६ च्या रेफरी प्रकरणातला क्लबचा तेव्हाचा कारभारी मोज्जी, त्याला इटलीच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये निर्दोष सोडलं. एकही मॅच फिक्स झाल्याचं सिद्ध झालं नाही. शिक्षा एकट्या युव्हेला झाली. खरा चोर इंटर हा प्रतिस्पर्धी क्लब. आणि म्हणून आपली लीगची टायटलं ३६ नाहीत, ३८.

मी इंटरचा नाही की मिलानचा नाही. स्ट्रायकर देल पिएरोपायी युव्हेचा झालो आणि क्लब सेरी बीमध्ये, म्हणजे लीगच्या दुसऱ्या श्रेणीत, गेल्यावरही राहिलो. म्हणूनच या मजकुराचा जास्त वैताग येतो. यातली जवळजवळ प्रत्येक ओळ अर्धी खरी आहे. समोर जाणकार माणूस असला की तो बरोबर खोट्या अर्ध्यावर बोट ठेवतो, आणि मग आपला खरा अर्धाही कुणी ऐकून घेत नाही.

नव्यानं आलेल्यांसाठी थोडक्यात: मे २००६ मध्ये इटलीच्या वर्तमानपत्रांत टॅप केलेली फोन संभाषणं छापून यायला लागली. एका टोकाला युव्हेचा सर्वेसर्वा लुचानो मोज्जी, दुसऱ्या टोकाला पाओलो बेर्गामो आणि पिएर्लुईजी पायरेत्तो. कोणत्या मॅचला कोणता रेफरी जाणार, हे ठरवणारी ही जोडी. काही दिवसांतच युव्हेच्या सगळ्या संचालकांनी राजीनामे दिले. जुलैत इटलीच्या फुटबॉल फेडरेशनच्या न्यायाधिकरणानं २००४-०५ आणि २००५-०६ ही दोन्ही टायटलं काढून घेतली आणि क्लबला सेरी बीमध्ये ढकललं. वर उणे ३० पॉइंट. अपिलात ते १७ झाले, लवादात ९. पहिलं टायटल कुणालाच दिलं नाही, दुसरं इंटरला दिलं.

आता ‘निर्दोष’ या शब्दाकडे येऊ, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे.

नेपल्सच्या कोर्टानं नोव्हेंबर २०११ मध्ये मोज्जीला ५ वर्षं ४ महिन्यांची शिक्षा सुनावली. डिसेंबर २०१३ मध्ये अपिलात ती २ वर्षं ४ महिन्यांवर आली. मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन आरोपांत त्याला खरंच निर्दोष ठरवलं. मात्र मुख्य आरोप गुन्हेगारी कट रचल्याचा होता, आणि त्याबाबत कोर्ट म्हणालं की कायद्यानं ठरवलेली मुदत उलटली आहे, सबब शिक्षा नाही. आपल्याकडे दिवाणी दाव्यांत ‘मुदतबाह्य’ हा शब्द ऐकू येतो, त्याच जातीची ही गोष्ट. इटलीत तेव्हा हे घड्याळ अपील चालू असतानाही थांबत नसे. त्यामुळे चांगला वकील आणि भरपूर तारखा असल्या की पुष्कळ माणसं अशी बाहेर पडत. निकालाच्या कारणमीमांसेत तर कट होता हे न्यायालयानं मान्यच केलं आहे.

शिवाय या मुदतीचा फायदा आरोपी नाकारू शकतो. मला मुदत नको, खरं-खोटं काय ते ठरवा, असं तो कोर्टाला सांगू शकतो. रेफरी मास्सिमो दे सांतिसनं तसं सांगितलं, आणि त्याची शिक्षा कायम राहिली. मोज्जीनं तसं सांगितलं नाही. तो त्याचा हक्क होता, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. फक्त त्याला ‘निर्दोष’ म्हणू नका. फुटबॉल फेडरेशननं २०११ मध्ये त्याच्यावर घातलेली आजीवन बंदी वेगळीच, तिचा या फौजदारी खटल्याशी संबंध नाही.

या गोंधळाला एक कारण आहे, तेही सांगतो. २०११ च्या त्याच निकालात नेपल्सच्या कोर्टानं नुकसानभरपाईची जबाबदारी क्लबवर टाकायला नकार दिला होता. क्लबनं त्याचा गाजावाजा केला, आणि तिथून हे ‘युव्हे निर्दोष’ सुरू झालं. पण तो पैशांचा प्रश्न होता. क्लबनं फेडरेशनवर ४४ कोटी युरोंच्या आसपासचा दावा लावला होता, तो २०१६ मध्ये फेटाळला गेला. आणि २००६ च्या त्या सुनावणीत सरकारी वकिलासारखं काम करणाऱ्या स्तेफानो पालात्सीनं युव्हेला सेरी बीच्याही खाली पाठवा अशी मागणी केली, तेव्हा युव्हेचाच वकील चेझारे झाक्कोने काय म्हणाला होता? पॉइंट कापून सेरी बी, ही शिक्षा रास्त होईल. आपला वकील! हे वाक्य मी ज्या ज्या युव्हेवाल्याला ऐकवलं, त्याचा पहिला प्रश्न एकच असतो: हा झाक्कोने इंटरचा होता का?

दुसरी ओळ, एकही मॅच फिक्स नव्हती.

फिक्सिंग म्हटलं की गोव्यातल्या २००४ च्या सेकंड डिव्हिजनमधले ते दोन स्कोर आठवतात, ६१-१ आणि ५५-१. तिथे पुरावा स्कोरबोर्डवरच टांगलेला होता. काल्चोपोली, म्हणजे इटलीतलं हे २००६ चं प्रकरण, तशी नव्हतीच. पैशांची पाकिटं घेतलेला एखादा रेफरी, मुद्दाम पेनल्टी सोडणारा गोलकीपर, असलं काही त्यात शोधाल तर सापडणार नाही, आणि ‘सापडलं नाही’ म्हणून खूश व्हाल. पण फेडरेशनच्या नियमातलं कलम ६ असं होतं की मॅचचा निकाल बदलण्यासाठी किंवा गुणतक्त्यात फायदा मिळवण्यासाठी केलेली कृती हाच गुन्हा. निकाल प्रत्यक्षात बदलला की नाही, हा पुढचा प्रश्न. न्यायाधिकरणानं तर सरळ म्हटलं की एकेक मॅच न बदलताही पूर्ण तक्ता वाकवता येतो.

तो कसा, हे त्या टेप्समध्ये ऐकू येतं. तेव्हा रेफरी चिठ्ठ्या टाकून निवडले जात, पण आधी मॅचेसचे आणि रेफरींचे गट पाडले जात. कोणत्या गटात कोणते रेफरी, हे बेर्गामो आणि पायरेत्तो ठरवत. फेब्रुवारी २००५ च्या एका फोनवर मोज्जी आणि बेर्गामो चक्क नावं पडताळत बसलेत: पहिल्या गटात कोण, दुसऱ्यात कोण. एका क्लबचा अधिकारी आणि रेफरी नेमणारा माणूस, चिठ्ठ्या पडायच्या आधी. पायरेत्तो तर युरोपच्या रेफरी समितीवरही होता. २००४ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत स्वीडनच्या ड्युरगॉर्डननं तुरिनमध्ये आपल्याला २-२ रोखलं, तेव्हा मोज्जीनं त्याच्याकडे जर्मन रेफरीबद्दल तणतण केली. पुढे अयाक्सविरुद्धच्या मॅचआधी पायरेत्तोनं आपण होऊन फोन करून कळवलं की अ‍ॅमस्टरडॅमला फर्स्टक्लास रेफरी दिलाय. त्या रेफरींवर कसलाही ठपका नाही, त्यांना बिचाऱ्यांना हे माहीतही नसेल.

दहावीच्या केंद्रावर पर्यवेक्षक कोण यावेत, याची यादी एका शाळेच्या हेडमास्तरांनी बोर्डाच्या साहेबांशी आदल्या आठवड्यात फोनवर बसून लावली, तर काय म्हणाल? त्या शाळेची मुलं हुशार असतील, कॉपी न करताही पहिली आली असती. यादीचं काय?

इथे माझ्याच बाजूनं दोन गोष्टी. चिठ्ठ्या काढतानाच हातचलाखी व्हायची, हा आरोप कोर्टात टिकला नाही. आणि मोज्जीनं रेफरी पापारेस्ताला ड्रेसिंग रूममध्ये कोंडलं, ही विरोधकांची लाडकी कथा खुद्द मोज्जीच्या फोनवरच्या फुशारकीतून आलेली आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये रेज्जिनाकडून २-१ हरल्यावर तो आत जाऊन ओरडला हे खरं, पण डांबून ठेवल्याचा आरोप तपासात गळून पडला. माणूस फुशारकी मारत होता. मॅच हरल्यावर आपण रेफरीला कोंडलं असं अभिमानानं सांगणारा अधिकारी, यावरून त्याची कुंडली मांडता येते, पण तो गुन्हा नव्हे.

‘शिक्षा एकट्या युव्हेला’ हे तर तक्ता उघडला की संपतं. मिलानचे २००५-०६ चे ३० पॉइंट गेले, ८८ चे ५८ झाले, आणि पुढच्या सीझनला उणे ८. फिओरेंतिना चौथी होती, तिचेही ३० गेले आणि चॅम्पियन्स लीग हुकली, वर पुढच्या सीझनला उणे १५. लात्सिओला उणे ३, रेज्जिनाला उणे ११. पहिल्या निकालात तर फिओरेंतिना आणि लात्सिओसुद्धा सेरी बीमध्ये गेल्या होत्या, अपिलात वाचल्या. पुणेकरांसाठी जोडून: एफसी पुणे सिटीची पहिल्या आयएसएलमधली भागीदार ती हीच फिओरेंतिना. खाली फक्त युव्हे गेली, असं म्हणा, ते बरोबर आहे. मिलान त्याच सीझनला अथेन्समध्ये युरोपचा चॅम्पियन झाला, हे गिळायला मलाही जड जातं.

आता इंटर. इथे मजकूर सर्वांत जास्त खरा आहे, आणि नेमका इथेच तो स्वतःच्या पायात पाय घालून पडतो.

२०१० मध्ये मोज्जीच्या वकिलांनी टेप्सचा तो ढीग पुन्हा उपसला, तेव्हा २००६ मध्ये बाजूला राहिलेली संभाषणं सापडली. बेर्गामोला फोन करणाऱ्यांत इंटरचा अध्यक्ष जाचिंतो फाकेत्ती होता, इतर क्लबांचीही माणसं होती. जुलै २०११ मध्ये त्याच पालात्सीनं अहवाल दिला की इंटरचं वागणंही कलम ६ मध्ये बसण्यासारखं होतं, पण मुदत उलटल्यामुळे आता कारवाई करता येत नाही. फेडरेशननं हात वर केले: टायटल परत घेण्याचा अधिकार आम्हाला नाही. त्यात २००६ ला ते टायटल इंटरला देणारे फेडरेशनचे प्रशासक ग्विदो रॉस्सी नव्वदच्या दशकात इंटरच्याच संचालक मंडळावर होते. आपल्याकडे असं झालं असतं तर चहाच्या टपरीवरसुद्धा कुणी त्यावर विश्वास ठेवला नसता.

म्हणजे त्या टायटलवर इंटरचा नैतिक हक्क नाही, असं मी छातीठोकपणे म्हणतो. पण आता मजकुराची पहिली आणि चौथी ओळ शेजारी ठेवा. मोज्जी मुदत उलटल्यामुळे सुटला, म्हणून तो निर्दोष. इंटरही मुदत उलटल्यामुळेच सुटली, पण ती मात्र चोर. एकच कायदा, एकच पळवाट, आणि निकाल जर्सीचा रंग बघून. इंटरवाले याच्या बरोबर उलटं बोलतात, तेवढाच फरक. आणि तोल बघायचा तर मोज्जीचा खटला तीन पायऱ्या चढून गेला, साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या. इंटरबद्दल जे आहे ते एका वकिलाचा अहवाल आहे, त्याची सुनावणी कधी झालीच नाही. फाकेत्ती सप्टेंबर २००६ मध्येच वारला, त्याला विचारायचीही सोय उरली नाही.

राहिली ३६ आणि ३८ ची ओळ. ‘मैदानावर जिंकलं’ हे वाक्य क्लबनं स्वतः जर्सीवर छापलं होतं, २०१२ मध्ये, काढून घेतलेली दोन टायटलं धरून होणाऱ्या ३० च्या आकड्यासकट. ते खेळाडूंच्या बाजूनं असेल तर मी सही करायला तयार आहे. कुठल्याही युव्हे खेळाडूवर या प्रकरणात आरोप नव्हता. ९ जुलै २००६ ला बर्लिनमधल्या वर्ल्ड कप फायनलमध्ये दोन्ही संघांकडून मिळून युव्हेचे आठ जण खेळले. पेनल्टी शूटआउटमध्ये फ्रान्सच्या त्रेझेगेचा चेंडू बारला लागला, तेव्हा समोर इटलीच्या गोलमध्ये त्याच्याच क्लबचा बुफॉन होता. दोनच महिन्यांनी दोघंही सेरी बीमध्ये होते.

आणि २००५-०६ बद्दलची तक्रार मला आजही पटते. टेप्स होत्या त्या मुख्यतः २००४-०५ च्या. पुढच्या सीझनचा असा तपास झालाच नाही, तरी त्याचं टायटल गेलं, कारण क्लबला त्या तक्त्याच्या तळाशी टाकून खाली पाठवायचं होतं. ९१ पॉइंट होते आपले, दुसऱ्या मिलानचे ८८, इंटरचे ७६. भांडायचंच तर इथे भांडा, इथे जागा आहे. पण हा मुद्दा कुणी मांडत नाही, कारण त्यासाठी आधी २००४-०५ सोडून द्यावं लागतं.

२०१४ मध्ये त्रेझेगे पुणे सिटीकडून खेळायला आला तेव्हा मी बालेवाडीला गेलो होतो. त्याच सीझनला देल पिएरो दिल्लीकडून खेळत होता. उतारवयातले दोघं, पायांत पूर्वीचा वेग नाही. माझ्या मागच्या रांगेतला एक पोरगा काळ्या-पांढऱ्या जर्सीत होता आणि मोज्जी निर्दोष कसा, हे मित्राला समजावत होता. जर्सीवर पाठीमागे नाव देल पिएरोचं. ९ सप्टेंबर २००६ ला रिमिनीत, सेरी बीच्या पहिल्याच मॅचला, आपण १-१ अशी बरोबरी केली. त्या सीझनला उणे ९ वरून ८५ पॉइंटपर्यंत गेलो, देल पिएरोनं २० गोल मारले आणि त्रेझेगेनं १५. त्या पोराला याबद्दल विचारलं, तर त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.