मधल्या हॉपवर ४० टक्के लॉस दिसला म्हणून तो राउटर दोषी ठरत नाही

ऑनलाइन गेम अडखळला किंवा व्हिडिओ कॉल तुटला की एक सल्ला हमखास फिरत येतो: "एमटीआर चालवा. ज्या ओळीत लॉस दिसेल, तो राउटर पॅकेट गाळतोय. स्क्रीनशॉट काढून कंपनीला पाठवा." एमटीआर आपल्यापासून सर्व्हरपर्यंतच्या वाटेवरचा प्रत्येक राउटर, म्हणजे हॉप, एकेका ओळीत दाखवतं आणि त्यापुढे लॉस, म्हणजे उत्तर न आलेल्या पॅकेटांचं प्रमाण. साधन उत्तम आहे, पण त्याचं वाचन असं करायचं नसतं.

"ज्या ओळीत लॉस, तिथेच गळती." मधल्या राउटरने पॅकेट पुढे पाठवलं की नाही, हे त्या ओळीत मोजलेलंच नसतं. एमटीआर मुद्दाम कमी टीटीएलचं (किती हॉप चालायचं या मर्यादेचं) पॅकेट सोडतं. टीटीएल संपला की राउटर ते टाकून देतो आणि तसं कळवणारं उत्तर आयसीएमपी या नेटवर्कच्या निरोपांच्या प्रोटोकॉलने धाडतो. ओळीतला आकडा या उत्तरांचा. पॅकेटं पुढे ढकलायचं काम मोठ्या राउटरमध्ये खास चिप करते. उत्तरं बनवणं हे दुय्यम काम, आणि त्याच्या वेगावर मर्यादा असते. ही लबाडी नव्हे. राउटरला अशी मर्यादा घालता यावी असं इंटरनेट प्रोटोकॉलच्या जुन्या आवृत्तीसाठीचा, म्हणजे आयपीव्ही४साठीचा, आरएफसी १८१२ (१९९५) हा नियमांचा दस्तऐवज सांगतो. नव्या आयपीव्ही६मध्ये आरएफसी ४४४३ ती सक्तीची करतो. तेव्हा पाचव्या हॉपवर ४० टक्के आणि सहाव्यापासून शेवटपर्यंत शून्य असेल, तर पाचव्याने सगळं नीट पुढे पाठवलं आहे.

"पण लॉस पाचव्यापासून शेवटपर्यंत टिकतोय!" मग शंका रास्त, निकाल मात्र नाही. प्रत्येक हॉपचं उत्तर परतीच्या वाटेने येतं, आणि ती वाट जायच्या वाटेपेक्षा वेगळी असू शकते. गळती तिथलीही असेल. म्हणून समोरच्या टोकाकडूनही एमटीआर घ्यावं लागतं. शिवाय समांतर लिंक असतील तर राउटर पत्ते आणि पोर्ट पाहून वाट निवडतो. मोजणीचं पॅकेट भलत्याच वाटेने जाऊ नये म्हणून, तक्रार वेबसाइटची असेल तर आयसीएमपीऐवजी वेबसाइट सहसा वापरतात तो टीसीपी प्रोटोकॉल घेऊन पोर्ट ४४३ वर मोजा.

"दहा पॅकेटं पुरतात." रिपोर्ट मोडमध्ये एमटीआर आपणहून दहाच फेऱ्या करतं. खरा लॉस २ टक्के असला तर दहापैकी एकही न गळण्याची शक्यता सुमारे ८२ टक्के. शंभर पॅकेटं पाठवली तरी १३ टक्के. हजार पाठवल्यावर अंदाज साधारण १.१ ते २.९ टक्क्यांच्या पट्ट्यात येतो. ही गणितं प्रत्येक पॅकेट स्वतंत्रपणे गळतं असं धरून आहेत. प्रत्यक्षात गळती झुबक्याने होते, म्हणून मोजणी गर्दीच्या वेळीही हवी.

याच्या उलट टोकाचा दावाही ऐकू येतो: "टोकांवर बसून आतलं काही कळत नाही." एकच पाठवणारा आणि एकच घेणारा असेल तर हे खरं आहे. एकूण ३ टक्के गळती एका लिंकवरची की दोन लिंकवर दीड-दीड टक्का, हे त्या एका आकड्यातून सुटत नाही. पण वाट पुढे फुटत असेल तर सुटतं. १९९९मध्ये कासेरेस, डफिल्ड, होरोविट्झ आणि टाउस्ली यांनी मल्टिकास्टसाठी, म्हणजे एकाच पॅकेटच्या वाटेत प्रती होऊन ते अनेकांना पोचतं त्या पद्धतीसाठी, हे गणित मांडलं.

समजा १०,००० प्रोब, म्हणजे मोजणीसाठीची पॅकेटं, सोडले. सामाईक खोडातून जाऊन ते दोन फांद्यांवर पोचतात: पहिल्या टोकाला ९,५०६, दुसऱ्याला ९,६०३, दोन्हीकडे पोचलेले ९,४११. दुसऱ्या टोकाला पोचलेला प्रोब खोड पार करून आला हे नक्की. त्यातले पहिल्याकडेही पोचले ते ९,४११ ÷ ९,६०३ = ०.९८, म्हणजे पहिल्या फांदीवर २ टक्के गळती. याच रीतीने दुसरीवर १ टक्का. राहिलं खोड: ०.९५०६ ÷ ०.९८ = ०.९७, म्हणजे ३ टक्के. एकाही राउटरला काही न विचारता.

खोच अशी की सार्वजनिक इंटरनेटवर मल्टिकास्ट सहसा मिळत नाही. मग दोन टोकांसाठी दोन युनिकास्ट (प्रत्येकी एकाच टोकाला जाणारी) पॅकेटं पाठोपाठ सोडतात. खोडाच्या रांगेत एक गळून दुसरं सुटलं, तर खोडाची गळती खऱ्यापेक्षा कमी दिसते आणि फांद्यांच्या माथी जास्त येते. पॅकेटांतलं अंतर जितकं कमी, तितकी ही चूक कमी. मधला भाग मात्र फाटा फुटेपर्यंत एकसंधच कळतो. खोडात चार राउटर असतील तर त्यांतला कोणता, हे या मोजणीतून निघणार नाही.

तक्रार करायचीच असेल तर आधी वायफाय सोडून लॅन केबल लावा आणि पहिला हॉप तपासा. मग दोन्ही दिशांचं किमान हजार फेऱ्यांचं एमटीआर, दोन्ही टोकांचे आयपी, प्रोटोकॉल, पोर्ट आणि टाइमझोनसह वेळ पाठवा. आणि आधी शेवटची ओळ बघा. तिथे शून्य असेल तर निदान या मोजणीत लॉस सापडलेला नाही. अडखळण्याचं कारण लेटन्सी (पॅकेटला लागणारा वेळ), जिटर (त्या वेळेतला चढउतार) किंवा सर्व्हर यांत शोधा.