डिड, फ्लॅश्ड आणि बाल्कनीतला दिवा

आमच्या बाल्कनीतल्या दिव्याचा स्विच ‘स्मार्ट’ आहे. तो विकणाऱ्या कंपनीने आपला सर्व्हर बंद केला आणि दिवा पोरका झाला. बटण दाबून लागायचा म्हणा, पण ते बटण कपाटामागे. म्हणजे सांजवातीला रोज मी कपाटात अर्धा.

उपाय एकच, टास्मोटा. थिओ अरेंड्स या डच माणसाने 2016 मध्ये सुरू केलेलं हे खुलं फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर. नावातले टी आणि ए त्याचेच. ते एकदा चढवलं (याला ‘फ्लॅश करणं’ म्हणतात) की स्विच घरच्या वायफायवर नांदतो, परदेशी सर्व्हरला विचारायला जात नाही.

स्विच भिंतीतून सोडवून टेबलावर आणला. 3.3 व्होल्ट, ग्राउंड, आरएक्स (ऐकणारी), टीएक्स (बोलणारी) अशा चार वायरी कॉम्प्युटरपर्यंत नेल्या. आरएक्सला टीएक्स जोडायचं, म्हणजे एकाने बोललेलं दुसऱ्याने ऐकायचं. (आमच्या घरात यातलं अर्धंच कनेक्शन आहे.) तीनदा प्रयत्न केला. स्विच ढिम्म.

शेवटी परदेशातल्या एका जाणकाराला इंग्रजीत मेल लिहायला बसलो: ‘आय डिड फ्लॅश्ड द स्विच, बट इट डिडन्ट वर्क्ड.’

मागून सातवीतली लेक म्हणाली, "बाबा, डिड आलं की फ्लॅश. ‘ईडी’ नाही लावायचा."

"अगं, कालच केलं ना? भूतकाळ आहे."

"तो डिडने घेतलाय. दोघांनी कशाला घ्यायचा?"

आता मराठीत हा घोळच नाही. फ्लॅश केला, रिसेट केला, रिस्टार्ट मारला. क्रियापद कुठलंही असो, हमाली ‘करणे’ने करायची. पुढच्या ओळीत मी ‘आय सेटअप इट’ लिहिलं, तर सेटअप जोडून लिहिलं की नाम, तोडलं की क्रियापद, असं कळलं. एका स्पेससाठी माणसाने किती सोसावं!

तासाभराने निर्दोष मेल गेला. रात्री उत्तर आलं: ‘यू मस्ट टू होल्ड द बटन, देन गिव्हिंग करंट. आय अल्सो डिड नॉट न्यू धिस.’

लेकीने पेन्सिल उचलली. मी ती काढून घेतली, स्विचचं बटण दाबून धरलं आणि मग 3.3 व्होल्टची वायर लावली. ते बटण आतून चिपच्या ‘जीपीआयओ झिरो’ नावाच्या पिनला जोडलेलं. सुरू होताना ती पिन ग्राउंडला टेकली तरच चिप नवं काही शिकायला तयार होते. स्क्रीनवर टक्के चढू लागले. थोड्या वेळाने फोनच्या वायफाय यादीत ‘टास्मोटा’ उगवलं.

"आई, झालं!" लेक ओरडली. "बाबांनी स्विच फ्लॅश केला!"