जरा काजळी जाळून येते

गाडी बिघडलेली नाही, असं मला परवा सर्व्हिस सेंटरमध्ये सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं. ती फक्त चालत नव्हती. चांदणी चौकाच्या चढावर तिनं मान टाकली. पाय दाबून दाबून दुखायला लागला, पण वेग चाळिशीपुढे जाईना. पडद्यावर पिवळं चित्र उमटलं होतं, एक डबी आणि तिच्यात ठिपके. मागचा रिक्षावाला पुढे निघून जाताना माझ्या सात आसनी धुडाकडे बघून चक्क हसला.

"सर नाही आले?" हा ॲडव्हायझरचा पहिला प्रश्न. सर नागपूरला आहेत, गाडी माझ्या नावावर आहे आणि हप्ता माझ्या पगारातून जातो, एवढं सांगितल्यावर त्यानं टॅबवर बोट फिरवलं आणि निदान केलं, "मॅडम, तुम्ही गाडी पळवत नाही."

म्हणजे असं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचं नवं मानक आलं आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी सक्तीची झाल्यासारखीच झाली. गाळणी भरली की गाडी आतल्या आत ती काजळी जाळते. त्याला सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं, आणि ते येतं मोकळ्या रस्त्यावर, एका लयीत गाडी चालवल्यावर. मी जाते बावधनहून कोथरूडला. या रस्त्यावर तापतं ते फक्त माझं डोकं.

"सातारा रोडला एक चक्कर मारून या, शिरवळपर्यंत. दोन हजारच्या वर आरपीएम ठेवा. मध्ये बंद करू नका."

"पण काम काय माझं शिरवळला?"

"काम नाही मॅडम. काजळी."

हे विकत घेताना कुणी बोललं नव्हतं. तेव्हा सनरूफ उघडून दाखवलं, आवाजी हुकूम देऊन एसी लावून दाखवला, मोठा लाल फुगा बांधून फोटो काढला. 'ताई, ही गाडी तुमच्या ऑफिसच्या रस्त्याला मानवणार नाही' असं एका शब्दानं बोलला असता, तर त्या पोराचं कमिशन बुडालं असतं, दुसरं काय?

लॅपटॉप लावून कोड पुसेपर्यंत लाउंजमध्ये बसा म्हणाले. तिथे काका होते.

काकांनी स्वतःची उशी आणली होती. शेजारच्या खुर्चीवर डबा, वर्तमानपत्र, मोबाइलचा चार्जर, असा सगळा संसार. चहाचं मशीन कुठल्या बटणाला पैसे न घेता दोनदा चहा देतं, हे त्यांनी मला ओळख होण्याआधीच सांगितलं. मग जुन्या पेशंटनं नव्या पेशंटकडे बघावं तसं बघत म्हणाले, "काय निघालं?"

"गाळणी तुंबली म्हणतात."

"डीपीएफ? हॅ!" काकांची निराशा झाली. "ती सर्दी हो. माझ्याकडे सेन्सर आहे."

सेन्सर या शब्दाला त्यांनी असा काही हेल काढला, की मी नकळत सावरून बसले. त्यांचीही डिझेलच, याच मापाची. आधी सनरूफच्या पाणी वाहून जायच्या नळ्या तुंबल्या आणि पावसात मधल्या सीटवर बसलेल्या विहीणबाई भिजल्या. मग पडदा काळा पडला. पडद्यातच एसी असल्यामुळे एसीही गेला. आता धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या युरियाचा सेन्सर. टाकी भरलेली असूनही गाडी म्हणते, रिकामी आहे.

"तुमच्या गाडीलाही आहे युरिया," काकांनी मला धीर दिला. "साडेबत्तीस टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. संपला की बंद केलेली गाडी परत सुरूच होत नाही, कायद्यानंच. आमच्या गावाला खरिपात पोतंभर युरियासाठी माणसं रांगेत उभी राहतात. आणि मी इथे धुराला पाजतोय!"

"मग विकून का टाकत नाही?"

काकांनी डब्याचं झाकण लावलं. माझी चूक झाली असावी अशा शांततेनं म्हणाले, "पन्नास टक्के कर भरलाय मी."

आणि मग कराचं कीर्तन सुरू झालं. चार मीटरहून लांब, पंधराशे सीसीहून मोठं इंजिन, जमिनीपासून उंची एकशे सत्तर मिलिमीटरच्या वर, की सरकार तिला एसयूव्ही समजून अठ्ठावीस टक्के जीएसटी आणि वर बावीस टक्के सेस लावायचं. २२ सप्टेंबर २०२५ ला ते सगळं मिळून चाळीस झालं. काकांनी घेतली त्याच्या आधी. "दहा टक्के वसूल झाल्याशिवाय मी हलणार नाही," असं ते म्हणाले. कुणाकडून वसूल करणार, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. बहुधा चहाच्या मशीनकडून.

गाडी तयार झाल्याची हाक आली तेव्हा काका उशी घेऊन उठले. "चला. माझी संध्याकाळपर्यंत आतच आहे. एकट्या बाईमाणसानं काजळी जाळायला जाऊ नये."

वारज्यापासून काका पुढच्या सीटवर बसून आरपीएमचा काटा वाचत होते, क्रिकेटच्या धावत्या समालोचनासारखा. नवले पुलाची गर्दी संपली, चढ लागला, कात्रजचा नवा बोगदा गेला, आणि पडद्यावर एकदाची पट्टी आली. काजळी जळायला लागली होती. आम्ही दोघंही पट्टीकडे बघत होतो. (मी रस्त्याकडेही.) तेवढ्यात एक जुनापुराणा ट्रक काळाकुट्ट धूर ओकत आम्हाला डाव्या बाजूनं ओलांडून गेला. त्याला कुठलाही दिवा लागला नव्हता. मी हवा स्वच्छ राहावी म्हणून विनाकारण डिझेल जाळत शिरवळला चालले होते.

खेड शिवापूरच्या आसपास काकांचं समालोचन थांबलं. मग ते दोन्ही गुडघे जुळवून बसले.

"काका, थांबू का? समोर हॉटेल आहे."

"पट्टी किती?"

"निम्मी."

"मुळीच थांबायचं नाही." त्यांच्या कपाळावर घाम होता. "अर्धवट सोडलं की जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. मग ऑइल बदला. मग ते म्हणणार, वॉरंटीत बसत नाही."

"अहो, इंजिन चालू ठेवते की."

"उभ्या गाडीला ताप टिकत नाही! माझं काय, मी मधुमेही माणूस, मला सवय आहे."

पुढचे काही किलोमीटर काकांनी डोळे मिटून रामरक्षा म्हटली. १९९४ साली टाटा सुमो आली, तेव्हा आमचे मामा तिच्यात माणसं कोंबून कोकणात जायचे. ती गरम व्हायची, मामा बॉनेट उघडून पाणी ओतायचे, सगळे पोटभर मोकळे होऊन यायचे आणि गाडी निघायची. तिला कुणाच्या पोटापाण्याशी वैर नव्हतं. शिरवळच्या अलीकडे पट्टी नाहीशी झाली. गाडी पुरती थांबायच्या आत काका दार उघडून उसाच्या दिशेनं गेले होते.

परतल्यावर तपासणीच्या शुल्काचं बिल तयार होतं. दोष गाडीचा नाही, वापराचा, म्हणून वॉरंटी लागू नाही. म्हणजे पुण्यात विकलेली गाडी पुण्यात चालवणं हा गैरवापर. मी भांडले. मॅनेजर आला, त्यानं मला पाण्याची बाटली दिली आणि बिल तसंच ठेवलं. ॲडव्हायझर दारापर्यंत सोडायला आला नि हळूच म्हणाला, "मॅडम, कंपनीचा फोन येईल. दहापैकी दहा द्या. नऊ दिले तरी आमचा इन्सेंटिव्ह कापतात."

फोन आला. मी सहा दिले. तेव्हापासून तो माझा फोन उचलत नाही, आणि कालपासून गाडी युरिया मागतेय.