तीन किलोमीटरनंतर दुखणं पळालं, म्हणजे बरं झालं?

‘दुखापतीनंतर थंडीत पुन्हा धावणाऱ्यांसाठी ६ सोनेरी नियम’ असा एक मेसेज सध्या धावणाऱ्यांच्या ग्रुपांमध्ये फिरतोय. अकिलीस टेंडनच्या (पोटरीच्या स्नायूला टाचेच्या हाडाशी जोडणाऱ्या जाड दोरीच्या) दुखण्यातून जेमतेम उठलेला एक मित्र तो वाचून म्हणाला, “म्हणजे मी उगाचच घाबरत होतो.” उगाच नव्हता घाबरत. म्हणून हा खटाटोप.

पहिला नियम सर्वांत घातक: ‘थंडीतलं दुखणं म्हणजे नुसतं आखडलेपण. पहिले तीन किलोमीटर दात-ओठ खाऊन काढा, अंग तापलं की दुखणं पळतं.’

यातलं अर्धं खरं आहे, ते मान्य करून टाकू. गार पडलेला स्नायू हळू आकुंचन पावतो, जोरही कमी लावतो, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत पहिली दहा मिनिटं पाय लाकडासारखे वाटणारच. पण तापल्यावर दुखणं विरणं हा बरं झाल्याचा पुरावा नव्हे. उलट अकिलीस टेंडन बिघडल्याची ती नेहमीची खूण आहे. सुरुवातीला दुखतं, मग विसरायला होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिल्या दहा पावलांत व्याजासकट परत येतं. परीक्षा धावताना होते, निकाल सकाळी लागतो. तेव्हा रोज सकाळी, गरम पाण्याने पाय शेकण्याआधी, एकट्या दुखऱ्या पायावर उभं राहून पाच वेळा टाच उचला आणि दुखण्याला ० ते १० मध्ये गुण देऊन लिहून ठेवा. धावल्याच्या दुसऱ्या दिवशी गुण दोनाने वाढले, तर पुढची धाव चालण्यावर आणा.

दुखत असताना धावूच नये, असं मात्र मी म्हणत नाही. स्वीडनमध्ये कारिन सिल्बरनागेल आणि सहकाऱ्यांनी २००७ साली अकिलीसच्या रुग्णांचे दोन गट केले. टेंडनला ताकद देणारे व्यायाम दोघांनाही तेच. एका गटाने पहिले सहा आठवडे धावणं-उड्या बंद ठेवल्या, दुसऱ्याने चालू ठेवल्या. दोन्ही गट सुधारले आणि चालू ठेवणाऱ्यांचं काही बिघडलं नाही. पण त्यांना अट होती: दुखणं दहापैकी पाचच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि दुखणं व सकाळचं आखडणं आठवड्यागणिक वाढता कामा नये. मेसेजवाल्याने सवलत उचलली, अट टाकून दिली.

शिवाय ही सवलत टेंडनपुरती. हाडाला ती लागू नाही, आणि हाड कुठलं, टेंडन कुठलं, हे मेसेजमध्ये अवाक्षरानेही नाही. नडगीवर बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी दाबल्यावर जीव जातो, धावत गेलं की दुखणं वाढत जातं, रात्री पडल्यापडल्याही ठणकतं, असं असेल तर स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे वारंवारच्या ताणाने हाडाला गेलेल्या बारीक तड्याची, शंका घ्या आणि धावणं त्याच दिवशी थांबवा. एक्सरे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. पहिले दोन-तीन आठवडे त्यात बऱ्याचदा काही दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. जांघेत खोलवर दुखत असेल तर आणखी सावध. मांडीच्या हाडाच्या मानेला, म्हणजे खुब्याजवळच्या अरुंद भागाला, गेलेला बारीक तडा ‘दात-ओठ खाऊन’ सरकला, तर पुढची पायरी ऑपरेशन टेबल.

दुसरा नियम, ‘निघण्याआधी एक पेनकिलर’. वरच्या सगळ्या गुणांकनाचा आधार दुखणं हाच आहे, आणि हे महाशय तेच बधिर करायला सांगतात! आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही कमी करतात, आणि थंडीत तहान कमी लागते म्हणून पाणीही कमीच प्यायलं जातं.

तिसरा, ‘बाम चोळला की वॉर्म-अप झाला’. बाम त्वचेला चुरचुरवतो, आतल्या स्नायूला तापवत नाही. घरातच दहा मिनिटं जागेवर चाला, पायऱ्या चढा-उतरा, वीसेक वेळा दोन्ही टाचा उचला आणि अंग गार व्हायच्या आत बाहेर पडा.

चौथा, ‘पोटरी ताणून धरा’. अकिलीसचं दुखणं टेंडन टाचेच्या हाडाला चिकटतो तिथे असेल, तर पायरीवरून टाच खाली सोडून ताणल्याने टेंडन हाडावर दाबला जातो आणि दुखणं चिघळतं.

पाचवा नियम म्हणतो, ‘मसल मेमरी असते, जुन्या अंतराच्या ७० टक्क्यांपासून सुरू करा’. छातीचा दम काही आठवड्यांत परत येतो. टेंडन आणि हाडाला महिने लागतात. दम आहे म्हणून पाय तयार आहे असं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. आधी अर्धा तास भरभर चालणं सलग काही दिवस न दुखता जमू द्या. मग एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, असे आठ फेरे, एक दिवसाआड. सकाळचे गुण स्थिर असतील तरच धावेचं मिनिट वाढवा, वेग नाही. थंडीत या पद्धतीची एक अडचण आहे: धावताना घाम येतो आणि चालताना तोच अंगावर गार पडतो. म्हणून पुढे चेन असलेलं जाकीट घाला, चालताना चेन वर ओढा, आणि एकच लांब रस्ता धरण्यापेक्षा घराभोवती छोटे फेरे मारा, म्हणजे पाय कुरकुरला तर कुडकुडत तीन किलोमीटर परतावं लागणार नाही. बूटही बाहेर न ठेवता घरातच ठेवा. गारठ्यात तळव्याचा फोम कडक होतो. जमिनीवर बर्फाचा पातळ थर असेल तर त्या दिवशी ट्रेडमिल. घसरू नये म्हणून माणूस पाय आखडून टाकतो आणि नको त्या स्नायूवर ताण येतो.

सहावा, ‘थंड हवेने फुप्फुसं गोठतात, तोंड झाकून धावा’. नाही गोठत. नाक-घशातून आत जाईपर्यंत हवा कोमट आणि दमट होते. कोरड्या गार हवेने श्वासनळ्या आकसतात, दमा असलेल्यांच्या जास्तच. त्यांनी तोंडावर पातळ कापड घ्यावं आणि इनहेलर कधी घ्यायचा ते डॉक्टरांना विचारावं. मेसेजमधला तोंड झाकण्याचा सल्ला तेवढ्यापुरता चालेल.